मायच्या बाजूनं आलेलं

दसरा झाला की आजी टोळीच्या तेलाची बरणी माळ्यावरून उतरवायची आणि चुलीच्या बाजूला ठेवायची. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल थंडीत थिजतं, म्हणून चुलीची ऊब. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मावसभावंडं उमरेडहून, वडशाहून, आरमोरीकडून छोट्या लाईनच्या गाडीनं नागभीडला उतरायचो आणि तिथून बंडीनं आजोळी पोचायचो. तोवर तेल पातळ होऊन वापरायला तयार असायचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ओसरीवर पोट्ट्यांची रांग लागायची. सगळ्यांत पुढे धाकटे मामा, त्यांच्यामागे मोठ्या मावशीचे दोघे, मग आमचा दादा, मग तिसऱ्या मावशीचा एकुलता. आंघोळ करून आलेल्याला आजी अंग पुसू द्यायची नाही. "पुसू नको बापा, ओल्याच आंगाले लागलं पायजे," म्हणत ती मानेपासून नडगीपर्यंत तेल चोळायची. आम्हा मुलींना फक्त डोक्याला तेल मिळायचं. आमच्या अंगाला त्याची गरजच नव्हती, हे आम्ही कधी लक्षातही घेतलं नव्हतं. आम्हाला एवढंच दिसायचं की आजीचा हात पोट्ट्यांच्या पाठीवर किती वेळ फिरतो.

आज आम्ही सगळे साठीच्या आसपास आहोत. भेटलो की बोलणं हटकून त्या ओसरीकडे वळतं. प्रत्येकाला वेगळं आठवतं. दादाला तेलाचा वास आठवतो, तो आजही त्याला नकोसा होतो. मोठ्या मावशीच्या थोरल्याला आठवतं ते बोडीतलं पाणी. अंग पाण्यात भिजलं की खवले मऊ पडायचे, पांढरट व्हायचे आणि काही तास तरी कातडी ताणली जायची नाही, म्हणून हे चौघे बोटं सुरकुतेपर्यंत पाण्यात राहायचे. मला आठवतात ते अंथरुणावरचे पापुद्रे. रोज सकाळी माय दादाची गोधडी अंगणात नेऊन झटकायची, आणि ती झटकताना आजूबाजूला कुणी नाही ना, हे आधी बघून घ्यायची.

ते दिसायचं कसं, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात बोडीचा तळ सुकून चौकटी-चौकटींनी फुटतो, तशा दादाच्या नडग्या दिसायच्या. चौकटी तपकिरी, कडा किंचित उचललेल्या. पोटावर, कमरेवर, मानेच्या मागे तेच. कानांच्या पुढची एक पट्टी सोडली तर चेहरा साफ, तळहात-तळपाय साफ. जन्मला तेव्हा तो चांगला तुकतुकीत होता. पहिल्या काही आठवड्यांत कातडी सुटू लागली आणि वर्षाच्या आत खवले धरले. पावसाळ्यात बरं असायचं. आमच्याकडे पाऊस भरपूर, धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, हवा ओली. कातडीही त्या दिवसांत नरमायची. कार्तिक लागला की पुन्हा अंग उकलायला सुरुवात. पौषातल्या थंडीत तर वाकलं तरी पोटऱ्यांवर भेगा पडायच्या.

सगळ्यांत जास्त त्रास मानेनं दिला. नडगी पायजम्यात झाकता येते, मान कशी झाकणार? मागची काळपट मान बघून माणसं थेट विचारायची, आंघोळ करत नाही का रे? एका शाळेत गुरुजींनी त्याला सगळ्या वर्गासमोर विहिरीवर पाठवून मान घासून यायला सांगितलं. तो गेला. नारळाच्या शेंडीनं रक्त येईतो घासून आला, आणि रंग तसाच होता. घरी येऊन त्यानं काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तेल लावताना आजीला मानेवर ओरखडे दिसले. तिनं विचारलं, "काहून घासलं एवढं?" यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शर्टाच्या कॉलरला आतून मऊ धोतराचा तुकडा शिवलेला होता. हा तुकडा तिनं सगळ्या पोट्ट्यांच्या सगळ्या शर्टांना लावला. आम्ही बहिणी शिवायला बसायचो.

घरात याचं कारण शोधायचं काम मोठी माणसं करत होती, आणि ते काम नेहमी बायकांवर येऊन थांबायचं. वैनगंगेच्या काठचा आणि तलावांचा हा मुलूख. धिवरांच्या टोपल्यांतून मासोळी दारावर येते, आमच्या घरात ती आवडीनं खाल्ली जायची. मुलाच्या अंगावर खवले आले म्हणजे पोटुशी असताना आईनं मासोळी खाल्ली, ग्रहणात चिरली, असं शेजारच्या बायका म्हणायच्या आणि मग घरातल्याही म्हणू लागल्या. दादाच्या जन्मानंतर मायनं मासोळी सोडली. मोठ्या मावशीनं तर सोडलीच, शिवाय पाच वर्षं महाशिवरात्रीला मार्कंड्याला चालत जाण्याचा नवस केला आणि तो फेडला. दुसऱ्या मावशीचे तिन्ही मुलगे स्वच्छ कातडीचे. ती आधीपासूनच माळकरी, मासोळीला शिवत नव्हती. त्यामुळे सगळ्यांना पुरावाच मिळाला. दर दिवाळीला कुणीतरी तिचं उदाहरण द्यायचं आणि उरलेल्या तिघी बहिणी मान खाली घालून स्वयंपाकघरात जायच्या. दुसऱ्या मावशीला ते कधी आवडलं नाही; ती उठून त्यांच्यामागे जायची. पण तिच्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं.

कोडं होतंच तसं. आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, दोन मुलांपैकी थोरले मामा साफ, त्यांची मुलं साफ. धाकट्या मामांच्या अंगावर सगळ्यांत दाट खवले, पण त्यांचे दोन मुलगे आणि तीन मुली, पाचही साफ. बापाचं मुलाला आलं नाही आणि ज्यांच्या अंगावर काहीच नाही त्या बहिणींच्या पोटी आलं. आजीच्या माहेरचीही एक गोष्ट होती: तिच्या एका भावाचं अंग असंच होतं, तो लहानपणी गेला. ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती या कोड्याशी कुणी जोडली नव्हती.

अजून एक गोष्ट सगळ्या बायकांना माहीत होती, आणि ती बाळंतपणांच्या आठवणीत वेगळी ठेवलेली होती. पोट्टा असला की दिवस वर जातात, कळा लवकर येत नाहीत, असं आमच्या मायलेकींत बोललं जायचं. दादाच्या वेळी मायचे दिवस भरून दोन आठवडे उलटले होते. सुईण बसून, कळा नाहीत. शेवटी बंडीत घालून ब्रह्मपुरीला न्यावं लागलं. माझ्या वेळी मात्र सगळं वेळेत झालं. मोठ्या मावशीचंही दोन्ही मुलांच्या वेळी तसंच. दुसऱ्या मावशीला तिन्ही मुलगे झाले, पण तिचे दिवस कधी वर गेले नाहीत. हे सगळं घरात शब्दशः सांगितलं जात होतं, आणि त्याचा कातडीशी काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं.

धाकट्या मामांचं दुखणं आमच्यापेक्षा फार मोठं होतं, कारण ते वाढले तो काळ आणि हा प्रदेश. चंद्रपूर आणि नंतर त्यातून २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेले. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं ते इथल्याच माणसांच्या दुःखावर. इथे कातडीवर काहीही दिसलं की पहिली शंका तीच येते. मामांना ऐन विशीत एका दवाखान्यात महारोगाच्या गोळ्या सुरू केल्या गेल्या. डॅप्सोन. ते त्या बरीच वर्षं घेत राहिले. गावानं पाण्याची घागर वेगळी केली. दोन ठिकाणी ठरत आलेलं लग्न मोडलं.

त्यांना त्यातून सोडवलं एका पिसानं. थोरले मामा त्यांना वरोऱ्याला घेऊन गेले. तिथं डोळे मिटायला सांगून एका डॉक्टरांनी अंगभर पीस फिरवलं, जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. मामांनी प्रत्येक वेळी नेमकं बोट ठेवलं. मग कोपराच्या मागची नस चाचपली, ती जाड नव्हती. कानाच्या पाळ्या पाहिल्या. कुष्ठरोगात चट्टा सुन्न होतो, नसा सुजतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. गोळ्या बंद झाल्या. मामा ही गोष्ट सांगताना नेहमी हाताचं बोट हवेत धरून दाखवायचे, इथे, इथे, इथे.

गोंधळ मात्र दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, हे नंतर कळलं. १९८०च्या दशकात कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आला. त्यातल्या क्लोफाझिमीन या औषधानं कातडी काळसर-तांबूस होते, कोरडी पडते आणि नडग्यांवर खवले धरतात. म्हणजे ज्याला कुष्ठरोग आहे आणि जो बरा होतोय, त्याचेही पाय आमच्या दादासारखे दिसू शकतात. औषध संपल्यावर ते हळूहळू जातं. म्हणून नुसत्या नजरेनं कुणी काही ठरवू नये. स्पर्श कळतो की नाही, नसा कशा आहेत, आणि खवले लहानपणापासून आहेत की मोठेपणी आले, हे विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

खरं उत्तर आम्हाला मिळालं नागपूरच्या मेडिकलला. आजी तोवर गेली होती. दादाच्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं, आणि मायची इच्छा होती की धाकट्या मामांची मधली मुलगी करून आणावी. मामाची पोरगी करणं आमच्याकडे जुनी रीत. शेजारच्या गोंड समाजातही आते-मामेभावंडांच्या लग्नाला दूध परत करणं मानतात. मामी म्हणाल्या, आधी एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून या. मामी घरात सून म्हणून आलेल्या, त्यांनाच हे सुचलं. मग माय, मोठी मावशी, मामा, दादा आणि मी, असे आम्ही गेलो.

कातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी अंग पाहायला पाच मिनिटं घेतली आणि घराणं लिहायला पाऊण तास. केसपेपरच्या मागे पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्यांच्या अंगावर खवले त्यांचे चौकोन काळे. आजीपासून सुरुवात झाली, आजीच्या भावाचाही चौकोन आला. पान भरलं तेव्हा आम्हीही वाकून बघत होतो आणि ते न सांगताच दिसत होतं: काळे सगळे चौकोन, एकही गोल नाही; आणि एका काळ्या चौकोनापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी प्रत्येक रेघ एका बाईतून जाते. मग त्यांनी मायला विचारलं, याच्या वेळी दिवस वर गेले होते का? माय माझ्याकडे बघतच राहिली.

त्यांनी जे समजावलं ते मी नंतर अनेकांना सांगितलं आहे. आपल्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो रोज नकळत झडतो. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा एक मेदयुक्त पदार्थ असतो, कोलेस्टेरॉल सल्फेट. तो वेळेवर तोडायला स्टेरॉइड सल्फेटेझ नावाचं विकर लागतं. ते नसेल तर पेशी सुटत नाहीत, थरावर थर चढतो आणि खवले दिसतात. या विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईकडे दोन एक्स. एक बिघडलेला असला तरी दुसरा काम भागवतो, तिच्या कातडीला काही होत नाही. पुरुषाकडे एकच एक्स, तो आईकडून आलेला. आईकडून बिघडलेला आला तर भरपाई करायला दुसरा नाही. म्हणून वाहक आईच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी शक्यता. बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. त्यामुळे मामांचे मुलगे साफ. मुलीला मात्र बापाचा एक्स मिळतोच मिळतो. म्हणजे मामांच्या तिन्ही मुली वाहक, त्यात शंकेला जागाच नाही. दुसऱ्या मावशीला आजीचा चांगला एक्स मिळालेला दिसतो. तिची माळ तिच्या जागी, पण तिच्या मुलांची कातडी त्या माळेमुळे साफ नव्हती.

आणि दिवस वर जाण्याचं कारणही तेच विकर. वार बाळाची असते, बाळाचाच जनुक तिच्यात असतो. गरोदरपणाच्या अखेरीस इस्ट्रिऑल हे संप्रेरक तयार करायला वारेला स्टेरॉइड सल्फेटेझ लागतं. बाळाकडे ते नसेल तर इस्ट्रिऑल फार कमी बनतं, गर्भाशयाचं तोंड तयार व्हायला उशीर होतो, काहींच्या बाबतीत कळाच येत नाहीत. म्हणून ज्या पोट्ट्याला पुढे खवले येणार, त्याच्याच वेळी दिवस वर. सुईणी आणि आमच्या आया जे म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं.

हे ज्ञान तेव्हा तसं नवंच होतं. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये वेल्स आणि कर यांनी हा प्रकार खवल्यांच्या दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या प्रकारापासून वेगळा करून दाखवला आणि १९७८मध्ये विकराची उणीव सापडली. साधारण दोन ते सहा हजार पुरुषांत एकाला हा असतो. म्हणजे या दोन जिल्ह्यांतही आमच्यासारखी घरं नक्की आहेत, आणि त्यांच्याही आया मासोळी सोडून बसल्या असतील, या विचारानं मला आजही स्वस्थ वाटत नाही.

त्याच दिवशी डोळ्यांच्या विभागात पाठवलं. मोठ्या यंत्रातून बघितल्यावर मामांच्या बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात, अगदी आतल्या बाजूला, धुळीच्या कणांएवढे ठिपके दिसले. नजरेला त्यांचा काही त्रास नसतो. मग डॉक्टर म्हणाले, आईंचेही बघू. मायच्या डोळ्यांतही तसेच ठिपके होते. वाहक बायकांपैकी काहींमध्ये ते असतात. साठ वर्षांच्या अंगावर दुसरी कुठलीही खूण नाही, आणि होती ती तिथे, कुणालाही कधी न दिसणारी. मायनं यंत्रावरून हनुवटी काढली आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, मासोळीचा. त्यांनी सांगितलं, काहीही संबंध नाही. बाहेर बाकावर येऊन ती आणि मोठी मावशी एकमेकींचा हात धरून बराच वेळ बसल्या होत्या. माय त्यानंतरही मासोळी खाऊ शकली नाही, जीभच उतरली होती. मोठ्या मावशीनं मात्र खाल्ली.

दादाचं मामांच्या मुलीशी लग्न झालं नाही. डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती. हिशेब मांडून दाखवला होता. खवले असलेला पुरुष आणि वाहक बाई यांच्या घरात मुलींनाही खवले येऊ शकतात, कारण मुलीला दोन्ही बाजूंनी बिघडलेला एक्स मिळू शकतो. ते दोघांनी ऐकलं आणि आपसांत ठरवलं. दोघांचीही लग्नं नंतर चांगली झाली.

सगळ्याच खवल्यांची गोष्ट अशी नसते, हे इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणी आमचा नकाशा आपल्या घरावर टाकेल. सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार सौम्य असतो: बारीक पांढरट खवले, कोपर आणि गुडघ्यांच्या लवणी साफ, तळहातांवर रेघा जास्त. तो मुलगे-मुली दोघांना येतो, आईकडून किंवा बापाकडून. त्यामागचा फिलॅग्रिन जनुकातला दोष स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या गटानं २००६मध्ये दाखवला. युरोपातल्या मोजणीत अडीचशेत एकाला तो असतो असं सांगतात. अशा घरांत इसब आणि दमाही जास्त दिसतो. आणि एक प्रकार फार कठीण असतो: बाळ जन्मतंच चकचकीत, ताणलेल्या पातळ पडद्यात गुंडाळल्यासारखं. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, कारण पाणी आणि ऊब दोन्ही झपाट्यानं जातात. तो दोष आईबाप दोघांकडूनही यावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त सापडतो. त्यातल्या मुलांना मोठेपणीही पुरता घाम येत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, तेव्हा अशा मुलाला दुपारी बाहेर पाठवणं जिवावर बेतू शकतं. ओला पंचा, वाळ्याचा कूलर आणि सावली ही त्याची औषधंच.

आता आजीच्या तेलाबद्दल. तिनं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण ओल्या अंगावर लगेच तेल लावण्याचा तिचा आग्रह आजच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या सांगण्याशी जुळतो. कातडीनं पाणी प्यायलेलं असतं, ते आत कोंडून ठेवायचं असतं. आंघोळीनंतरची पहिली काही मिनिटंच कामाची. तिनं साबण आठवड्यातून एकदाच वापरू दिला, तेही बरोबर; रोजचा लाल साबण या कातडीला सोसत नाही. जवसाचं तेल तिनं एक हिवाळा लावून पाहिलं आणि सोडून दिलं. ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, कपडे अंगाला चिकटतात. पण तेलानं खवले मऊ होतात, सुटत नाहीत. त्यासाठी युरियाचं मलम लागतं, साधारण १० टक्क्यांचं, किंवा लॅक्टिक आम्लाचं. वर पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन. भेग पडलेली असेल तिथे युरिया चुरचुरतो, तिथे आधी नुसती जेली लावावी. सॅलिसिलिक आम्लाचं मलम लहान बाळाच्या अंगभर कधी लावू नये, ते कातडीतून रक्तात जातं. औषधाच्या दुकानातून न विचारता घेतलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी आमच्या एका भाच्याची कातडी पातळ झाली, खवले तसेच राहिले. आणि मुलाच्या दोन्ही गोट्या खाली उतरल्या आहेत का, हे डॉक्टरकडून वर्षाच्या आत बघून घ्यावं. या आजारात काहींच्या उतरत नाहीत. तिसऱ्या मावशीच्या मुलाचं ऑपरेशन फार उशिरा झालं, कारण कुणी बघितलंच नव्हतं.

मोठ्या मावशीच्या धाकट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्यापैकी कुणी मला सोडणार नाही. त्याला झाडीपट्टीच्या नाटकाचं वेड. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, कंपन्या वडशाहून येतात, लोक शेकोट्या पेटवून पहाटेपर्यंत बसतात. त्याला रंगमंचावर जायचं होतं, पण थंडीच्या त्या महिन्यांतच कातडी सगळ्यांत वाईट. रंग मानेवर बसायचा नाही, खवल्यांच्या कडांशी फुटायचा. रंगभूषा करणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी उपाय काढला. रंगाआधी मानेला आणि कानापुढे खोबरेल चोळायचं, अर्धा तास थांबायचं, टिपून घ्यायचं, मग रंग. त्यानंतर तो पुढची कितीतरी वर्षं फौजदार झाला, पाटील झाला, दारुडा नवरा झाला. एकदा उघड्या अंगानं साधूची भूमिका मिळाली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्याचं अंग तेलानं चमकत होतं, खवल्यांसकट, आणि पुढे बसलेल्या बायकांनी त्याला हात जोडले. दादा त्या रात्री रडला. घरी परत येताना दोघे भाऊ सगळी वाट खांद्यावर हात टाकून चालले.

आमच्या पुढच्या पिढ्यांत तीन मुलांना हे आहे. त्यांच्यातल्या सगळ्यांत लहान नातवाच्या वेळी त्याच्या आईनं गरोदरपणातच डॉक्टरांना सांगितलं होतं, त्यामुळे तारीख उलटू दिली नाही. सोळाव्या दिवशी, सोमवारी, बाळाच्या पोटावर कातडी सुटताना पहिल्यांदा दिसली. आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्यांच्या एकविसाव्या दिवसाच्या भेटीत आईनं ती दाखवली आणि आशाताईंनी लगेच नोंद केली. ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीचीच देणगी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं इथल्या खेड्यांत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात शिरला. त्या बाळाला पहिल्या महिन्यापासून मलम आहे. त्याची मान आज सहा वर्षांची आहे आणि ती घासून ये असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

रक्ताची तपासणीही आता सोपी झाली आहे. या आजाराच्या दहापैकी जवळपास नऊ घरांत तो जनुकच गुणसूत्रावरून गळालेला असतो, त्यामुळे आहे की नाही हे स्पष्ट सांगता येतं. मी माझी करून घेतली. मी वाहक आहे. माझा मुलगा साफ निघाला तो त्याच्या वाट्याच्या निम्म्या शक्यतेमुळे. मुलीला मी सगळं सांगितलं आहे, तपासणी कधी करायची ते तिनं ठरवायचं.

राहिल्या मामांच्या तिघी. त्यांना तपासणीचीही गरज नाही. दोघींना सगळं माहीत आहे, एकीच्या मुलाला खवले आहेतही. तिसरी सिरोंच्याला दिली. तिला मुलीच झाल्या, म्हणून तिच्या घरात हे कधी कुणाला दिसलंच नाही, आणि सासरी माहेरचं दुखणं कशाला काढायचं म्हणून तीही बोलली नाही. तिच्या थोरल्या मुलीला आता सातवा महिना आहे. सिरोंचा गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरांच्या आसपास. कळा आल्या नाहीत तर ऐन वेळी धावपळ करायला ते अंतर फार आहे. येत्या रविवारी तिच्या दोघी बहिणी आणि मी तिकडे निघालोय. केसपेपरच्या त्या पानाची झेरॉक्स घेतली आहे, त्यावर नंतरच्या दोन पिढ्यांचे चौकोन आणि गोल दादानं स्वतः काढून दिलेत. ती आधी मुलीच्या सासूसमोर ठेवायची आणि मग तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायची, असं ठरलं आहे.